सिंकखाली फिल्टर स्वतः बसवताय? पाना जरा लांबच ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओट्याखाली सिंकच्या कपाटात वॉटर फिल्टर बसवायचाय, ड्रिल घरात आहे, हाताने कामं करायची सवय आहे. स्वतः बसवणं जमेल का, आरओ (पाण्यात विरघळलेले क्षारही काढणारा) घ्यावा की साधा, आणि वॉरंटी जाते का? खाली तुम्ही एक ओळ जोडली आहे, "प्लंबर म्हणतो, काही नसतं त्यात, सगळं घट्ट कसलं की झालं."

त्या ओळीपायीच लिहायला बसलो.

जमेल. ओट्याला फिल्टरच्या नळासाठी भोक आधीच असेल तर दोन तास, पाडायचं असेल तर अर्धा दिवस धरा. पण "घट्ट कसलं की झालं" हे डोक्यातून काढून टाका. ओट्याखाली होणाऱ्या गळत्या सैल राहिल्यामुळे कमी आणि जास्त कसल्यामुळे जास्त होतात.

बहिणीच्या घरचं उदाहरण देतो. तीन बाऊलचा फिल्टर, म्हणजे गाळायची कँडल ठेवायचे तीन प्लास्टिकचे डबे, रीतसर टेक्निशियनने बसवलेला. आठव्या दिवशी सकाळी ट्रॉलीखालून पाणी बाहेर आलं. पहिल्या बाऊलच्या झाकणात जिथे पितळी निपल (जोडायचा आटेदार तुकडा) शिरतो, तिथे उभा तडा. केसाएवढा. पुसला की दिसायचा नाही, पण नख फिरवलं की लागायचा. निपल काढून टेफ्लॉन (आट्यांवर गुंडाळायची पांढरी पट्टी) उलगडला तर 22 वेढे निघाले. आता बघा काय होतं ते. पितळी निपलचे आटे सहसा निमुळते असतात, आत जाईल तसा तो जाड होत जातो. झाकणातले आटे प्लास्टिकचे आणि बहुधा सरळ. म्हणजे लाकडात पाचर ठोकावी तसा प्रकार, आणि 22 वेढ्यांनी ती पाचर आणखी जाड केलेली. बसवताना टिपूसही गळत नाही, उलट झकास बसल्यासारखं वाटतं. पण प्लास्टिक आतून ताणलेलं राहतं. दिवसभर नळ उघडझाप होतो तेव्हा दाबाचे हिसके बसतात, रात्री कोणी पाणी वापरत नाही तेव्हा पूर्ण दाब तिथेच उभा राहतो, आणि आठवड्याभरात प्लास्टिक आट्यांच्या मुळापासून उकलतं. तडा नेहमी उभा, निपलच्या दिशेने. तडा आडवा असता तर बाऊलला धक्का लागला असेल असं म्हटलं असतं.

भावोजींचं निदान वेगळं होतं. "सैल राहिलाय, अजून अर्धा आटा मारायला हवा होता." आणि पाना घेऊन त्यांनी तो मारलाही. केसाएवढ्या तड्याची दोन मिलिमीटरची फट झाली. ट्रॉलीचा तळ फुगला तो फुगलाच. या विषयावर आमच्यात अजून एकमत नाही, म्हणून नियम इथे लिहून ठेवतो: प्लास्टिकच्या आत धातू कसायचा नाही. प्लास्टिकच्या पोर्टमध्ये प्लास्टिकचाच निपल किंवा एल्बो (काटकोनी जोड). धातू आणि प्लास्टिक जोडायचंच असेल तर धातू बाहेर आणि प्लास्टिक आत, म्हणजे प्लास्टिक दाबलं जातं, फाकत नाही. वेढे पितळेवर अर्ध्या इंचाला 8 ते 10, प्लास्टिकच्या पाव इंची आट्यांना 5-6. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचे. उलटे गुंडाळले तर कसताना टेफ्लॉन सुटून तोंडाशी गोळा होतो. प्लास्टिक हाताने बसेल तेवढं बसवा, मग पान्याने एक, फार तर दीड वेढा. रबरी वॉशर असलेल्या जोडाला टेफ्लॉन लावायचाच नाही, तिथे पाणी वॉशर अडवतो. हाताने घट्ट, वर पाव वेढा, बस्स.

आणखी एक फसगत. बाहेरून आणलेली किंवा ऑनलाइन मागवलेली काही किटं अमेरिकी एनपीटी मानकाच्या आट्यांची असतात, आपल्याकडे ब्रिटिश बीएसपी मानक चालतं. अर्ध्या इंचात दोन्हीकडे इंचाला 14 आटे, त्यामुळे बसल्यासारखं वाटतं, पण आट्यांचा कोन वेगळा (55 आणि 60 अंश), म्हणून झिरपतं. पाव इंचात बीएसपीला 19 आटे आणि एनपीटीला 18. दोन-तीन वेढ्यांनंतर अडकतं. तिथे जोर लावला की झाकण गेलं. कोणी अमेरिकेतून किट पाठवलं असेल तर फिल्टर ठेवा आणि फिटिंग इथली घ्या.

आता प्रत्यक्ष काम.

पाणी घ्यायचं ते सिंकच्या थंड पाण्याच्या अँगल कॉकवरून (भिंतीतून आलेली छोटी तोटी). गीझरच्या लाइनवरून चुकूनही नको, गरम पाण्याने मेम्ब्रेन (आरओचा क्षार अडवणारा पडदा) आणि बाऊल दोन्ही खराब होतात. अँगल कॉक आणि वर नळाला जाणारा कनेक्शन पाइप यांच्यामध्ये डायव्हर्टर बसतो, अर्धा इंच आत, अर्धा इंच बाहेर, बाजूला पाव इंचाचं तोंड. हा पितळेचाच घ्या, क्रोम केलेला प्लास्टिकचा नको. त्यावर छोटा बॉल व्हॉल्व्ह हवा, म्हणजे पुढे कँडल बदलताना सिंकचा नळ बंद करावा लागत नाही. दोन खबरदाऱ्या. दहा वर्षं न फिरवलेला अँगल कॉक बंद केला की स्पिंडलमधून झिरपायला लागतो, म्हणून किचनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधी शोधून, फिरवून बघून ठेवा. आणि डायव्हर्टर कसताना एका पान्याने अँगल कॉक धरून ठेवा. नाहीतर तो फिरतो, त्याच्यासोबत भिंतीतला निपल फिरतो, आणि आत सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) एल्बो असेल तर टाइल फोडायची वेळ येते.

पाव इंची पाइप कात्रीने कापू नका, चेपटतो. नव्या ब्लेडने एका घावात, काटकोनात. तिरकी कड आतल्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) चिरते आणि तो जोड थेंब-थेंब गळत राहतो. पुश-फिट कनेक्टरमध्ये पाइप दोन टप्प्यांत जातो: आधी अडखळतो, मग ओ-रिंग ओलांडून तळाशी टेकतो. बहुतेक लोक पहिल्या अडखळण्यालाच थांबतात. टोकापासून दीड सेंटिमीटरवर पेनाने खूण करा आणि ती कॉलरच्या आत जाईपर्यंत ढकला, मग उलटा ओढून बघा, आणि लॉक क्लिप घाला. वळणाजवळ पाइप कनेक्टरमध्ये सरळ शिरला पाहिजे. बाजूला ताण बसला की वरच्या कडेने गळतं.

बाऊल भिंतीला किंवा कपाटाच्या बाजूला लावताना खाली किमान 5 सेंमी मोकळी जागा सोडा. ही चूक इतक्या घरी दिसते की काय सांगू: बसवताना सगळं सुबक, आणि तीन महिन्यांनी बाऊल उघडायला गेलं की तळाला अडतो, पूर्ण ब्रॅकेट काढावा लागतो. बाऊलची ओ-रिंग पुसून, खाचेतली रेती काढून, तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलिन नको, काही रबरं त्याने फुगतात. बाऊल हाताने कसा, किटमधल्या चावीने पाव वेढा. चावी मुख्यतः उघडायला असते, जोर लावून कसायला नाही (भावोजी).

ग्रॅनाइटचं भोक. नळाच्या दांड्याला 12 मिमी पुरतं. हिऱ्याची धार असलेला कोर बिट घ्या, साधा काँक्रीटचा बिट चालत नाही. हॅमर मोड बंद, वेग कमी. बिट सुरुवातीला तिरका धरून चंद्रकोरीसारखी खाच पाडा, मग हळूहळू उभा करा, नाहीतर तो पॉलिशवर घसरून ओरखडे काढतो. खुणेभोवती कणकेचा बांध घालून आत पाणी भरा. बिट थंड राहतो आणि पांढरा रबडा ओटाभर पसरत नाही. पाणी दुधासारखं दाट झालं की बदला. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला जोर काढून घ्या, नाहीतर खालून कपचा उडतो. आणि भोक पाडण्याआधी ओट्याची जाडी मोजा. वर 18 मिमी ग्रॅनाइट आणि खाली कडप्पा असे आपल्याकडचे ओटे सहज 4 सेंमी जाड भरतात. नळाच्या दांड्याचे आटे तेवढे लांब नसतील तर खालून नट लागणारच नाही. स्टीलच्या सिंकला नळाच्या बाजूला जागा असेल तर तिथेच स्टेप बिटने पाडा, निम्म्या कष्टात होतं.

आरओ असेल तर रिजेक्टचा (बाहेर टाकलेल्या पाण्याचा) पाइप सोडायचा प्रश्न येतो. किटमध्ये वेस्ट पाइपला लावायची क्लॅम्प येते, पण ती सरळ पीव्हीसी पाइपसाठी असते. आपल्याकडे सिंकखाली बहुधा वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप असतो, त्यावर ती कधीच बसत नाही. सरळ पाइपचा तुकडा टाका, आणि भोक ट्रॅपच्या (वास अडवायला पाणी साठून राहतं त्या वळणाच्या) आधी, सिंकच्या बाजूला, एकाच भिंतीला पाडा. ट्रॅपनंतर पाडलं तर गटाराचा वास पाइपमधून वर येतो. माझं मत विचाराल तर तो पाइप बादलीत सोडा. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे सहज तीन लिटर बाहेर टाकतो. फरशी आणि संडासाला ते चालतं. झाडांना घालू नका, क्षार त्यातच उरलेले असतात.

दाबाकडे दुर्लक्ष करू नका. गच्चीवरची टाकी दर 10 मीटर उंचीला एक बार दाब देते. म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी तीन मीटर वर असेल तर जेमतेम 0.3 बार. तिथे तीन बाऊलमधून येणारी धार करंगळीएवढी, आणि दोष फिल्टरला देतात. 75 जीपीडीच्या (दिवसाला 75 गॅलन) मेम्ब्रेनची ताशी 12 लिटरच्या आसपासची क्षमता चार बारच्या दाबावर मोजलेली असते, म्हणून आरओत बूस्टर पंप असतो. सोसायटीत दाबाचा पंप असेल तर उलटा प्रश्न, तिथे फिल्टरच्या आधी पीआरव्ही (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) हवाच. पंपाचा अ‍ॅडॉप्टर कपाटात वरच्या बाजूला ठेवा आणि वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, ओघळलेलं पाणी झोळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

सुरू करताना घाई नको. आधी कार्बनच्या कँडलमधून दहाएक लिटर पाणी जाऊ द्या, काळं येतं. ते मेम्ब्रेनमध्ये जायला नको म्हणून मेम्ब्रेनचा पाइप नंतर जोडा. मग मेम्ब्रेनचं पहिलं 20-25 लिटर पाणी टाकून द्या. गळती बघायला हात फिरवू नका, हात ओलाच असतो. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू, तळाला वर्तमानपत्र. पंधरा मिनिटांनी बघा, तासाने बघा, आणि सकाळी उठून बघा. सकाळचं बघणं टाळायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस रात्री झोपताना डायव्हर्टरचा व्हॉल्व्ह बंद करायची सवय लावा. कुठे झिरपलंच तर आधी जोड उघडून वॉशर, टेफ्लॉन, पाइपची कड बघा. उघडायच्या आधी कसायचं नाही.

आरओ की साधा, ते खरं तर आधी विचारायला हवं होतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारा मीटर घ्या आणि मोजा. खडकवासला किंवा भातसा धरणाचं नळाचं पाणी साधारण शंभर-दीडशेच्या आत असतं, तिथे आरओ म्हणजे पाणी वाया आणि वर बेचव. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात 500 मिग्रॅ प्रति लिटरपर्यंत टीडीएस स्वीकार्य आहे, आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही 500 च्या खाली आरओवर बंदीच्या बाजूने आदेश दिला होता. अशा पाण्याला 5 मायक्रॉनचा स्पन (गाळ अडवणारी कँडल), कार्बन ब्लॉक आणि पुढे यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरे. यूएफ (अतिबारीक छिद्रांची गाळणी) जिवाणू अडवतं, विषाणूंसाठी यूव्ही हवं. बोअर किंवा टँकरचं पाणी हजाराच्या घरात गेलं तर आरओ घ्या, तिथे माझा वाद नाही. मात्र मीटर फक्त क्षार मोजतो, जंतू किंवा फ्लोराइड दाखवत नाही; यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासूनच ठरवा.

वॉरंटीचं म्हणाल तर कार्ड वाचा. अधिकृत तंत्रज्ञानेच बसवावं असं छापलेलं असेल तर मशीन त्याला लावू द्या, पण डायव्हर्टर, ओट्याचं भोक आणि वेस्टचा तुकडा आधी स्वतः करून ठेवा. तो आला की शेजारी उभे राहा आणि झाकणात पितळी निपल घालू देऊ नका. घर भाड्याचं असेल तर ग्रॅनाइटला हात लावायच्या आधी मालकाला विचारा.

तडा गेलेलं ते झाकण बहिणीने टाकून दिलेलं नाही. भावोजींना अजूनही शंका असेल तर ते उन्हात धरून बघावं, तडा आट्यांच्या आतल्या बाजूने सुरू झालेला स्पष्ट दिसतो.