एकट्याने घड्याळाशी शर्यत, मुंबईत कुठे लावायची?

प्रश्न: ताई, मी मुलुंडला राहतो, वय 26, दोन वर्षं रोड बाईक, म्हणजे रेसची सायकल, चालवतोय. ग्रुप राइड खूप झाल्या, आता एकट्याने घड्याळ लावून 20 किलोमीटर मारून बघायचेत, टाइम ट्रायल म्हणतात तसं. पण रस्ता कुठला? मित्र म्हणतो पहाटे फ्रीवेवर चढ, कोण बघतंय.

उत्तर: फ्रीवे आधी डोक्यातून काढ. ईस्टर्न फ्रीवे, सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, सगळीकडे सायकलला बंदी आहे आणि पहाटे तिथे गाड्या इतक्या सुसाट असतात की तुझा मागचा लाइट दिसून ब्रेक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. मित्रालाही सांग हे, प्लीज.

तुला जवळचा म्हणजे पाम बीच रोड. ऐरोली ब्रिज उतरून वाशीपर्यंत वॉर्मअप होतो, फक्त ठाणे-बेलापूर रोडवर ट्रक असतात, तिथे जोर लावू नकोस. सानपाड्याच्या मोराज सर्कलपासून बेलापूरकडे रस्ता सपाट, बराचसा सरळ, एका बाजूला खाडी. रविवारी उजाडता उजाडता जा, अंधारात नको.

आता सिग्नल. मध्ये आहेत, आणि लाल म्हणजे थांबायचं, रस्ता रिकामा असला तरी. म्हणून सलग 20 चा हट्ट सोड. दोन सिग्नलमधला एक मोठा तुकडा निवड, तोच चार-पाच वेळा मार, मध्ये हळू चालवत दम घे, आणि दर महिन्याला तोच तुकडा त्याच वेळी. ऑटो पॉज (थांबलं की घड्याळ आपोआप थांबवणारी सोय) चालू ठेवून 20 चा टाइम काढलास तर तो खोटा, सिग्नलला पायांना आराम मिळतोच ना!

जाताना आणि येताना दोन्ही मोज. वारा एकीकडे मदत करतो तेवढं दुसरीकडे परत घेतो असं सगळ्यांना वाटतं, पण तसं होत नाही. 10 किलोमीटर 35 च्या स्पीडने गेलास आणि 25 ने परत आलास तर 17 आणि 24, म्हणजे 41 मिनिटांच्या वर लागतात, सरळ 30 ने गेला असतास तर 40. पहाटे वारा कमी असतो, उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून जोरात येतो, त्यामुळे सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी लावू नकोस.

टेम्पोच्या मागे चिकटायचं नाही. धोका तर आहेच, पण तो वारा अडवतो, मग ती एकट्याची टाइम ट्रायलच राहत नाही. 1895 मध्ये इंग्लंडमध्ये एफ. टी. बिडलेक यांनी हा प्रकार सुरू केला तोच मुळी झुंडीच्या रेस पोलिस अडवायला लागले म्हणून, एकेकाला अंतर ठेवून सोडायचं, रस्त्यावरच्या कुणाला त्रास नको. मला ही गोष्ट फार आवडते, आपल्या शहराला अगदी लागू पडते.

प्रश्न: एअरो बार लावू का, म्हणजे हँडलवर पुढे आलेले ते दांडे, ज्यांवर हात टेकवून वाकून बसतात?

उत्तर: आत्ता नको. त्यावर हात असताना ब्रेक लांब राहतात आणि पाम बीचवर सकाळी जॉगर, कुत्री, मध्येच वळणाऱ्या रिक्षा सगळं असतं. हँडलचा खालचा भाग धरून कोपरं वाकवलीस तरी वारा बराच कमी लागतो, ब्रेकही बोटांखाली राहतात. बार घेतलेस तर आधी घरी ट्रेनरवर (सायकल जागेवर ठेवून चालवायचा स्टँड) महिनाभर सवय कर. आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, रस्त्यावर टाइम काढायचाच नाही, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.