पॅडचं मशीन घेऊ नका, पॅड मागा

ताई, तुमचा प्रश्न असा: जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा, पाळी सुरू झालेल्या साधारण ४० मुली, आणि एक देणगीदार पॅड देणारं मशीन व पॅड जाळायची छोटी भट्टी द्यायला तयार आहेत. घ्यावं का? मी जि. प. शाळांमध्ये शिकवलंय. माझं उत्तर: नको. त्याच पैशात पॅड मागा.

बहुतेक मशीनला नाणं लागतं, आणि जिच्याकडे नाणं नाही तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. बिघडलं की दुरुस्तीला कोणी येत नाही. शिवाय चोरीच्या भीतीने ते मुख्याध्यापकांच्या खोलीजवळ बसवतात. बारा वर्षांची मुलगी तिथे जाणारच नाही. ती "मॅडम, पोटात दुखतंय" म्हणून घरी जाईल आणि पुढच्या महिन्यात त्या दिवसांत शाळेतच येणार नाही.

किंमत नाममात्र ठेवू, हा विचारही सोडा. राज्याच्या अस्मिता योजनेत २०१८ साली जि. प. शाळेतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांना ठेवलं होतं. योजना चांगल्या हेतूची होती, पण वडिलांकडे ५ रुपये मागायचे म्हणजे कशाला ते सांगणं आलं. स्कॉटलंडने २०२० मध्ये कायदा मंजूर करून शाळांत हे साहित्य मोफत देणं बंधनकारक केलं, तेव्हा ते सहज आणि सन्मानाने मिळायला हवं हेही कायद्यातच घातलं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आता हिशेब. मुलीला महिन्याला १२ पॅड धरले तर ४० मुलींना ४८०. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड १ रुपयाला एक मिळतो, म्हणजे महिन्याला ४८० रुपये, वर्षाला ५,७६०. माल कधी कधी संपलेला असतो, तेव्हा आधी सांगून ठेवा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, तो ग्रामसभेत मांडा. देणगीवर दोन वर्षं निघतील, पण पुढचं पंचायतीनेच चालवायला हवं.

पॅड ठेवायचे मुलींच्या टॉयलेटमध्ये, उघड्या कप्प्यात. नाव लिहायची वही ठेवू नका. पहिल्या आठवड्यात भराभर संपतील, मुली दोन-दोन जास्त नेतील. नेऊ द्या! पुढच्या वेळी मिळेल याची खात्री पटली की ते थांबतं. शेजारी रद्दी पेपर, झाकणाचा डबा, आतून लागणारी कडी आणि नळाला पाणी. पाणी नसेल तर देणगीतला पहिला खर्च त्यावर करा, कारण पॅड असूनही मुली ते बदलत नाहीत आणि दिवसभर तसंच बसतात.

भट्टीचं म्हणाल तर पॅडमध्ये प्लास्टिक असतं. ते पुरेशा तापमानाला जळलं नाही की विषारी धूर होतो, तोही मुलं खेळतात तिथेच. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत आणली, म्हणजे आत काय आहे ते कचरा उचलणाऱ्याला न उघडताच कळतं. तुमच्याकडे घंटागाडी येत असेल तर तेच करा. येत नसेल तर विहीर-बोअरपासून लांब, झाकणाचा खोल खड्डा पंचायतीकडून करून घ्या.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रत्येकीच्या हातात दोन महिन्यांची पाकिटं द्या. मे महिन्यात शाळा बंद असते, पाळी नाही.