मुलगी सातवीत आहे, तिला तारे आणि दगड दोन्हींचं वेड आहे. दुर्बीण घेऊन द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की लेक रात्री गच्चीवरून खाली यायला तयार नसते, दप्तरात पुस्तकांपेक्षा दगड जास्त सापडतात, आणि तुम्ही दोघंही कॉमर्सचे असल्यामुळे तिच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावं ते कळत नाही. शिरूरला राहता हेही लिहिलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी जुन्नर तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. सहावी ते आठवीच्या मुलांना घेऊन आकाश आणि खडक बघत हिंडायला मला वीस वर्षं होत आली.

दुर्बीण आत्ता नको, क्लासही नको. शंभर पानी वही घ्या.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी हौसेने मोठी दुर्बीण आणली होती. चंद्र दोन रात्री पाहिला, तिसऱ्या रात्री शनी काही सापडेना, आणि दुर्बीण माळ्यावर गेली. त्यात मुलाचा दोष नव्हता. दुर्बिणीतून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, आणि आकाशच ओळखीचं नसेल तर तो तुकडा कुठला हे कसं कळणार? वर्षभर नुसत्या डोळ्यांनी बघू द्या. मग १० बाय ५० ची द्विनेत्री, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची बायनॉक्युलर घ्या. ती गच्चीच्या कठड्यावर नीट टेकवली की गुरूचे चार चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात, आणि कृत्तिकांचा पुंजका तर मोठ्या दुर्बिणीपेक्षा तिच्यातूनच जास्त देखणा दिसतो. एकच सक्त ताकीद: सूर्याकडे कधीही नाही, द्विनेत्रीतून तर नाहीच नाही.

वहीची सुरुवात चंद्रापासून करा. रोज दिसला की वेळ, दिशा आणि आकार. ढग असतील तर "ढग" असं लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो हे मी पूर्वी आधीच सांगून टाकायचो. एका वर्षी सांगायचं राहून गेलं, आणि तीन आठवड्यांनी एक मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "सर, चंद्र रोज उशीर करतो, पण रोज सारखा उशीर करत नाही." तिच्या नोंदींत कधी चाळीस मिनिटांचा फरक होता, कधी तासाभराच्या जवळचा. बरोबरच होतं तिचं. त्या दिवसापासून मी उत्तर आधी सांगत नाही.

घरात कुणी संकष्टी करत असेल तर आणखी एक गंमत आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या असतात. मुंबई आणि नागपूर या दोन वेळांतला फरक तिला काढायला सांगा. साधारण २५ मिनिटं येईल, एखाद्या महिन्यात चार-पाच मिनिटं इकडेतिकडे. आता नकाशात दोन्ही शहरांचे रेखांश बघायला सांगा: मुंबई सुमारे ७३, नागपूर ७९. म्हणजे सहा अंश फिरायला पृथ्वीला २५ मिनिटं लागतात. मग ३६० अंशांना किती? गणित तिलाच करू द्या, उत्तर चोवीस तासांच्या आसपास येतं. "एका रेखांशाला ४ मिनिटं" हे भूगोलातलं वाक्य मुलं पाठ करतात. इथे ते तिने मोदकांची वाट बघता बघता स्वतः मोजलेलं असेल.

मृगाचंही तसंच. ७-८ जूनला मृग लागला म्हणतो आपण, पण त्या रात्री मृग शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण मृग लागला याचा अर्थच सूर्य त्या नक्षत्रात आला, आणि तो भाग दिवसा डोक्यावरून जातो. मृग बघायचा तर डिसेंबर ते मार्च, संध्याकाळनंतर. चार पायांचे चार तारे आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी, तिच्यापुढे कृत्तिका. आजी-आजोबा शेतीतले असतील तर नक्षत्रांची नावं क्रमाने त्यांच्याकडूनच घ्या.

आता दगड, कारण याबाबतीत तुमची लेक नशीबवान आहे. तुमच्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या लाव्हाचे थर. माळशेज घाटात हे थर पायऱ्यांसारखे दिसतात, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा लाल पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाला, पुढचा यायच्या आधी त्याच्या माथ्याची झीज होऊन माती झाली, ती म्हणजे तो पट्टा. मुलं त्याच्यावर बोट ठेवून उभी राहतात तेव्हा त्यांना काहीतरी कळलेलं असतं, ते चेहऱ्यावर दिसतं.

लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले. मग त्या पोकळ्यांतून लाखो वर्षं पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढले. कुणी नवी विहीर खणली असेल तर कडेला टाकलेल्या दगडांत पांढरे चमकणारे कण बहुधा मिळतील. मालकाला विचारून चार तुकडे घरी आणा. गावात या सगळ्यालाच गारगोटी म्हणतात, पण ते तीन वेगळे प्रकार असू शकतात, आणि ते स्वयंपाकघरात ओळखता येतात. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठत नाही आणि दगडाने जुन्या काचेवर चरा पडतो, तर ती खरी गारगोटी. ओरखडा उठला तर थोडी पूड करून तिच्यावर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. नाही आले तर बहुधा झिओलाइट, आणि त्यासाठी आपला भाग जगभर प्रसिद्ध आहे. पुण्याला जाताना तुम्हाला वाघोली लागते ना? तिथल्या खाणींतल्या कॅव्हनसाइट या निळ्याशार खनिजासाठी जगातले संग्राहक वाघोलीचं नाव ओळखतात. खाणीत मात्र मुलीला नेऊ नका, आणि दगड फोडताना डोळ्यांना चष्मा हवाच.

सहल काढायची तर कुकडी नदी धरा. निघोजचे रांजणखळगे तुमच्या हाताशी आहेत. पुराच्या पाण्यात गोल फिरणाऱ्या गोट्यांनी काळा पाषाण कोरून काढलाय. काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून पडलेले असतात. जायचं ते उन्हाळ्यात, आणि कडेला हात धरून. वरच्या अंगाला, आमच्या तालुक्यात, बोरीला नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. काही अभ्यासक म्हणतात ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, काहींच्या मते ती त्याहून कितीतरी जुनी. मोठी माणसंसुद्धा एका मुठीएवढ्या राखेवरून पुरावे मांडून वाद घालतात, हे सातवीतल्या मुलीला जरूर सांगा. फक्त राख उकरून आणू नका.

आणि फेब्रुवारीत आमच्या तालुक्यातल्या खोडदला या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथली रेडिओ दुर्बीण, म्हणजे प्रकाशाऐवजी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, लोकांना बघता येते, शाळकरी मुलांची प्रदर्शनंही असतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तबकडी म्हणजे पत्रा नाही, तारांची जाळी आहे. मुलं पहिल्यांदा हेच विचारतात, की भोकांतून लहरी निसटत नाहीत का? ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्या २० सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत लांब असतात, जाळीची भोकं दोन सेंटिमीटरच्या आतली. तेवढ्या लांब लहरीला ती जाळी सपाट आरशासारखीच. वाऱ्याला मात्र ती मोकळी वाट, त्यामुळे तबकडी हलकी ठेवता आली आणि खर्चही आवाक्यात राहिला. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. त्या संध्याकाळी परतताना गाडी अंधाऱ्या रस्त्याला थांबवा, मृग डोक्यावर असेल.

तोवर विहिरीवरच्या त्या दगडांचं बघा. लिंबाच्या रसाने बुडबुडे आले की नाही, एवढं तिला खाली लिहायला सांगा. पुढची चाचणी मी तिलाच सांगेन.