सावली आधी अंगणात येते

कुवेत, शुक्रवार

माझ्या लाडक्या छकुले,

तुझा व्हॉइस मेसेज मी तीन वेळा ऐकला. एकदा बसमध्ये, एकदा जेवताना आणि एकदा झोपण्यापूर्वी. तू विचारलंस, "पप्पा, शेजारच्या दादाची मुंज झाली तेव्हा त्याची आई म्हणाली की हा संस्कार आहे. मग चर्चमध्ये येशूची भाकर घेण्याला, आपल्या कम्युनियनलाही, आपण संस्कारच का म्हणतो? आणि टीचर म्हणतात की मान्ना, म्हणजे मोशेच्या लोकांना वाळवंटात देवाने दिलेलं अन्न, ही कम्युनियनची पूर्वछाया. पण मान्ना तर दुसऱ्या दिवशी कुजायचा! कुजणारी गोष्ट येशूसारखी कशी?"

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण मला ते एकाच घरातले वाटतात. आज सुट्टी आहे, सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून आलोय (इथे शुक्रवारीच गर्दी असते, कोकणी, मल्याळम, तामिळ, फिलिपिनो, अरबी, सगळ्यांच्या वेगवेगळ्या मिस्सा), तेव्हा सावकाश लिहितो. आजीला वाचून दाखव. माझं काही चुकलं तर ती सांगेल.

आधी 'संस्कार'. हा शब्द आपण कुणाकडून उसना घेतलेला नाही, तो आपल्या भाषेचाच आहे, म्हणून शेजारच्या काकूंचाही आहे आणि आपलाही. त्यांच्याकडे सोळा संस्कार मानतात, आपल्या कॅथोलिकांकडे सात. त्यांचा आणि आपला अर्थ एकच आहे असं मी म्हणणार नाही. तुझ्या पुस्तकातली व्याख्या आठव: येशूने लावून दिलेली, डोळ्यांना दिसणारी खूण, जिच्यातून देवाची कृपा खरोखर मिळते. चर्चमध्ये संस्काराला असलेला लॅटिन शब्द 'साक्रामेंतुम' हा रोमी सैनिकाच्या शपथेसाठी वापरला जायचा. शपथ सैनिक स्वतः घेतो. संस्कार मात्र माणसावर होतो. तुझ्या भावाच्या स्नानसंस्काराला, म्हणजे बाप्तिस्म्याला, त्याने काय केलं? डोक्यावर पाणी पडलं तेव्हा रडला, एवढंच. जे करायचं ते देवाने केलं. म्हणून मला आपला मराठी शब्द फार आवडतो.

आता पूर्वछाया. या शब्दाने घाबरू नकोस. आपल्या ओट्यावर संध्याकाळी बसलेली असताना तू कधी पाहिलंयस का? घराचं तोंड पश्चिमेला. केळीच्या वाडीतून कुणी येत असेल तर सूर्य त्याच्या पाठीमागे असतो आणि त्याची लांब सावली आधी अंगणात येते. आजी मान वर न करता सांगते, "पाटील आले वाटतं." सावली पाटील नसते. सावलीला पाणी देता येत नाही, तिच्याशी बोलता येत नाही. पण ती खोटीही नसते. पाटील येत नसते तर ती पडलीच नसती. बायबलातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हाच शब्द आहे: जुन्या नियमशास्त्रात पुढे येणाऱ्या गोष्टींची छाया होती.

आणि ही गोष्ट मराठीत सांगायला आपण आज सुरुवात केलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत, पहिलं पुराण जुन्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाचं, आणि दुसरं येशूच्या जीवनाचं. पहिलं ऐकल्याशिवाय दुसरं नीट कळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आता मान्ना. इथे खरं म्हणजे तुझ्या पप्पाला वाळवंटाने शिकवलं, वर्गात मला ते कधी कळलं नव्हतं. इथे शहराच्या बाहेर गेलं की सगळं सपाट, पिवळं, गवताची काडी नाही. असल्या जागी मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटलेली हजारो माणसं, बायका, लहान मुलं घेऊन मोशे निघाला होता. खायला काय? ती माणसं कुरकुरली, आणि मला त्यांचा राग येत नाही. मग एका सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर बारीक, पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. धण्यासारखं, असं बायबलच्या निर्गम या पुस्तकात लिहिलंय, आणि चवीला मध घातलेल्या पोळीसारखं. ते एकमेकांना विचारू लागले, "हे काय?" त्यांच्या भाषेत "मान हू?" तेच त्याचं नाव पडलं. म्हणजे मान्ना या शब्दातच एक प्रश्न दडलाय. तू विचारलेला प्रश्न त्यांनी तुझ्या आधी विचारला होता.

(इथे हिवाळ्यात पाऊस झाला की वाळवंटात जमिनीखाली भूछत्राच्या जातीचा एक गोळा उगवतो, बटाट्यासारखा. त्याला फगा म्हणतात, बाजारात फार महाग मिळतो. माझ्या अरब सहकाऱ्याने मला तो खाऊ घातला आणि म्हणाला, आमच्या धर्मात सांगितलंय की हा मान्नाचाच प्रकार. पेरावा लागत नाही, नुसता वेचायचा. मला ते ऐकून बरं वाटलं.)

माणशी एक ओमेर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ज्याने जास्त गोळा केलं त्याच्याकडे उरलं नाही, ज्याने कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. उद्यासाठी लपवून ठेवलं की किडे पडायचे, वास यायचा. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट वेचायचं, आणि ते सातव्या दिवसापर्यंत टिकायचं. चाळीस वर्षं असं चाललं.

तर तुझा प्रश्न: तो कुजायचा, मग येशूसारखा कसा? छकुले, इथेच सावली आणि माणूस यांतला फरक आहे, आणि येशूने तो स्वतः दाखवला. योहानाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात तो लोकांना म्हणतो की तुमच्या पूर्वजांनी रानात मान्ना खाल्ला आणि तरी ते मेले. पण स्वर्गातून उतरलेली जिवंत भाकर मी आहे. म्हणजे तुला जे खटकलं तेच त्यानेही बोट ठेवून दाखवलं. मान्ना एका दिवसाची भूक भागवायचा. त्याने लोकांना एक सवय लावली: रोज सकाळी उठायचं, रिकामं भांडं घेऊन बाहेर जायचं आणि देव आजही देईल असं मानायचं. ती सवय लागल्याशिवाय पुढची भाकर ओळखू आली नसती.

मी इथून दर दोन महिन्यांनी खजुराचा डबा पाठवतो. तू पहिला खजूर खाल्ल्यावर फोनवर म्हणालीस, "छान आहे, पण तुम्ही कधी येणार?" मला त्या दिवशी मान्नाची सगळी गोष्ट कळली. डबा मी पाठवलेला असतो, मनापासून पाठवलेला असतो, त्यात माझी आठवण असते. पण मी डब्यात नसतो. जुन्या करारात देव डबे पाठवत होता. येशूच्या जन्मात तो स्वतः आला, आणि मिस्सामध्ये तू जे घेणार आहेस तो डबा नाही.

कम्युनियनच्या त्या पातळ पांढऱ्या भाकरीत खमीर (यीस्ट) का नसतं, हेही सांगून टाकतो. मिसर सोडण्याच्या रात्री इस्राएली लोकांनी घाईने बिनखमिराची भाकर खाल्ली, कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, आणि मरण त्यांचा उंबरा ओलांडून पुढे गेलं. आपल्या मराठी बायबलात त्या सणाला वल्हांडण म्हणतात. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. किती सुंदर शब्द आहे पाहा! 'पास्का' आपण रोज म्हणतो, पण 'वल्हांडण' म्हटलं की उंबरा दिसतो. त्या कोकराचं एकही हाड मोडायचं नव्हतं. क्रुसावर येशूचेही पाय मोडले नाहीत, आणि योहान ते मुद्दाम नोंदवतो. रक्त लावायला त्या रात्री एजोब नावाच्या झुडपाची जुडी वापरली होती. पुढे दावीद राजाने मोठं पाप केलं आणि रडत प्रार्थना केली, तेव्हा त्यानेही देवाकडे एजोबानेच शुद्ध होण्याचं मागणं केलं. आणि क्रुसावर तहानलेल्या येशूला आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज दिला तोही एजोबाच्या काडीवर. कम्युनियनच्या आधी तुझं पहिलं कन्फेशन, पापांची कबुली, आहे ना? तेव्हा भीती वाटली तर दावीद आठव. राजा होता, तरी लपवलं नाही.

पाण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझा पप्पा पाण्याच्या कारखान्यात काम करतो, म्हणून थोडं सांगू दे. कुवेतमध्ये नदी नाही. प्यायचं पाणी बहुतेक समुद्रातूनच काढतात; खारं पाणी गोड करणं हे माझं रोजचं काम. मोशेचे लोक तांबडा समुद्र पार करून आले आणि तीन दिवस त्यांना पाणी मिळालं नाही. मग मारा नावाच्या जागी मिळालं, पण कडू. देवाने मोशेला एक झाड दाखवलं, त्याचं लाकूड पाण्यात टाकताच पाणी गोड झालं. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज नवीन बाप्तिस्मा झालेल्यांना ही गोष्ट सांगून म्हणायचे की ते लाकूड म्हणजे क्रूस; त्याच्याशिवाय पाणी नुसतं पाणीच. मी यंत्रांपाशी उभा असताना हे कितीदा मनात येतं सांगू!

पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री तू आजीच्या मांडीवर झोपून गेली होतीस, म्हणून तुला कळलं नसेल. त्या रात्री जुन्या करारातली सात वाचनं असतात. वेळ नसेल तर फादर काही गाळू शकतात, पण तांबड्या समुद्राचं वाचन कधीच गाळायचं नसतं. नंतर पाण्यावरच्या प्रार्थनेत नोहाचा पूर येतो, तांबडा समुद्र येतो, यार्देन नदी येते, आणि शेवटी येशूच्या कुशीतून वाहिलेलं रक्त आणि पाणी. मोठी मेणबत्ती त्या पाण्यात बुडवतात. तेच पाणी आजी बाटलीत भरून घरी आणते आणि तुझ्या तापलेल्या कपाळाला लावते. नोहाच्या तारवात आठ माणसं वाचली, आणि संत पेत्राने स्वतःच लिहिलंय की तो पूर आपल्या बाप्तिस्म्याची खूण होता.

मला यांत सर्वांत प्रिय गोष्ट नामानाची आहे, कारण तिच्यात तुझ्याएवढी एक मुलगी आहे. नामान अरामचा मोठा सेनापती, त्याला कोड झालेलं. त्याच्या घरात इस्राएलमधून पकडून आणलेली एक लहान मुलगी काम करायची. घरापासून लांब, परक्या देशात. तिच्या मनात राग असता तर कुणी तिला दोष दिला नसता. पण ती मालकिणीला म्हणाली, "धनी आमच्या देशातल्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील." बायबलात तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. नामान गेला, आणि त्या संदेष्ट्याने, अलीशाने, त्याला भेटायलाही न येता निरोप धाडला: यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. सेनापती भडकला. आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत? आपल्यापैकी कुणी म्हणावं ना, वैतरणेत काय कमी आहे, तसं. शेवटी नोकरांनी समजावलं: काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलंच असतं की. तो उतरला, सात वेळा बुडाला, आणि त्याची कातडी लहान मुलासारखी झाली. लहान मुलासारखी, छकुले! साधं पाणी, पण देवाने सांगितलेलं.

तेलाची गोष्ट तुझ्या दृढीकरणाच्या, म्हणजे तेल लावून होणाऱ्या संस्काराच्या, वेळी सांगेन. तोवर एवढंच लक्षात ठेव की शमुवेल संदेष्ट्याने आठ भावांतल्या सर्वांत धाकट्याला, मेंढरं राखणाऱ्या दावीदाला, शिंगातलं तेल ओतून राजा केलं.

आणि तुझा सगळ्यांत शेवटचा प्रश्न, जो तू हळूच विचारलास: ती भाकर चावायची की तोंडात विरघळू द्यायची? चावली तरी चालते. आजीच्या लहानपणी दात लावायचा नाही असं तिला शिकवलं होतं, म्हणून ती विरघळू देते. तू तुला जमेल तसं कर. फक्त आधी तासभर काही खाऊ नकोस, पाणी चालेल. मला रजा मिळाली नाही हे तुला मम्मीने सांगितलंच आहे. रांगेतून परत येऊन बाकावर बसलीस की डोळे मिटून आधी येशूशी बोल, मग माझ्यासाठी एक वाक्य बोल. इथे तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतील. मी जागा असेन.

तुझा
पप्पा