देवाचं लग्न दरवर्षी कशाला?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, मार्लेश्वराचं लग्न गेल्या संक्रांतीला झालं ना? मग आता परत कशाला?" आजीला विचारलंस तर ती म्हणाली, "देवालाच विचार." तिला उत्तर येतं गं, पण दुपारची झोप मोडायची नव्हती. इथे मस्कतला आज सुट्टी आहे, म्हणून सावकाश लिहितो.

आधी मला सांग, तुळशीचं लग्न तू दर कार्तिकात लावतेस, ऊस-आवळे-चिंचा जमवायला सगळ्यांच्या पुढे असतेस. तेव्हा कधी नाही विचारलंस!

मार्लेश्वर म्हणजे देवरुखजवळच्या डोंगरातल्या गुहेतला शंकर. त्याचंही तसंच, फक्त वऱ्हाड मोठं. नवरदेव आंगवलीच्या मठातून निघतो, नवरी साखरप्याची गिरिजादेवी आणि यजमान आपल्या देवरुखचा व्याडेश्वर. पालख्या डोंगरात पोचल्या की रीतसर मुलगी बघतात, मागणी घालतात, आंतरपाट धरून मंगलाष्टका म्हणतात. मुहूर्त संक्रांतीचा हे सगळ्या तालुक्याला ठाऊक असतं, तरी पंचांग उघडून बघतातच. मला ते फार आवडतं.

या लग्नाला 360 मानकरी साक्षी असतात असं म्हणतात. मान म्हणजे पुढची खुर्ची नव्हे हो, काम. कुणी कधी काय करायचं ते घराण्यांत ठरलेलं. मुंबईला नोकरी करणारासुद्धा त्या दोन दिवसांची रजा आधी टाकतो आणि मग गणपतीची. लग्न एकदाच लागून संपलं असतं तर ही कामं एका पिढीने केली असती आणि पुढची विसरली असती. आपली थोरली आत्या साखरप्याला दिली. ती एरवी आजोबांची लाडकी बहीण, पण त्या दिवशी पक्की मुलीकडची. "तुमच्याकडच्यांनी आमच्या माणसांना पाणीसुद्धा विचारलं नाही," म्हणून डोंगरावर भांडायची आणि उतरताना त्यांच्याच पिशवीत तिळगूळ कोंबायची. देवाला दरवर्षीच्या लग्नाने काय मिळतं ते मला माहीत नाही. आत्याला मात्र माहेर मिळायचं.

आता तू पहिल्यांदाच जाणार आहेस, तर ऐक. देवरुखपासून पायथा सोळा-सतरा किलोमीटर. पुढे पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. आजीला टप्प्याटप्प्याने बसव, ती स्वतःहून "दमले" म्हणणार नाही. प्रसादाची पिशवी हातात लोंबती ठेवू नकोस, माकडं टपलेली असतात. माझा अख्खा नारळ गेला होता, आणि वर आजोबांचा धपाटा मिळाला तो वेगळा.

गुहेचं दार ठेंगणं आहे, वाकूनच शिरायचं. आत विजेचा दिवा नाही, नुसत्या समया. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, फक्त तेलाचा वास आणि पायाखाली गार कातळ. घाई करू नकोस, उभी राहा. हळूहळू दोन पिंडी दिसायला लागतात, मल्लिकार्जुन आणि मार्लेश्वर. कपारीत साप असतात म्हणतात, ते कुणाला काही करत नाहीत असंही म्हणतात. तुझ्याएवढा असताना मी एक बघितला आणि किंचाळलो. ती पुजाऱ्यांच्या खांद्यावरून पडलेल्या पंच्याची ओली कड होती. आजोबा हे अजून सांगतात, तुलाही सांगतील.

बाहेर आलात की समोर धारेश्वर धबधबा कोसळताना दिसेल. जानेवारीत धार बारीक असते, पावसाळ्यातला थाट नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर आपण बावनदीचा पूल ओलांडतो ना, ती नदी इथूनच निघते.

साखरप्याच्या पालखीबरोबर आत्या आली असेल. गुडघे दुखतात म्हणून पायथ्याशीच बसली असेल. तिला आधी पाणी विचार, आणि ती काय बोलली ते मला रात्री फोनवर सांग.

तुझा,
बाबा