वाचकांचे प्रश्न : दुःखसहनाचा सिनेमा आणि पडद्यावरचं रक्त

गुड फ्रायडेच्या आधी आमच्या चर्चच्या सभागृहात 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' दाखवायचा विचार आहे. काही पालक म्हणतात, इतका रक्तपात मुलांना नको. काही म्हणतात, देवाचाच सिनेमा आहे, सगळ्यांनी बघावा. समीक्षकांनी याबद्दल काय म्हटलं होतं? (तरुण मंडळ, खानापूर)

हा सिनेमा अमेरिकेत 25 फेब्रुवारी 2004 ला, राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) लागला आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल दोन तट पडले ते आजही आहेत. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्याला पूर्ण चार तारे दिले, पण आपण पाहिलेला सर्वांत हिंसक चित्रपट हाच, असंही त्याच परीक्षणात लिहिलं. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या डेव्हिड डेन्बींना तो किळस आणणारा मृत्यूचा प्रवास वाटला. नाराज समीक्षकांचं सगळं म्हणणं 'रक्त फार' एवढ्यावर थांबत नव्हतं. सिनेमा गेथशेमाने बागेत सुरू होतो आणि येशूच्या शेवटच्या बारा तासांतच राहतो. डोंगरावरचं प्रवचन, शेवटचं भोजन यांच्या फक्त झलका मधूनमधून येतात. ज्या माणसाला मारत आहेत तो कोण होता हे ज्याला आधीपासून माहीत नाही, त्याच्या हाती फक्त मार उरतो, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आम्हाला तो बिनतोड वाटतो.

फटक्यांचा प्रसंग नीट बघा, म्हणजे दोन्ही बाजू कळतील. आधी छड्या. मग टोकांना धातूचे आकडे लावलेला चाबूक शिपाई टेबलावर आपटून दाखवतो आणि तो लाकडात रुततो. बाजूला लॅटिनमध्ये मोजणी चालू असते. शुभवर्तमानांत या सगळ्याला जेमतेम एक ओळ आहे (योहान 19:1, मार्क 15:15). दिग्दर्शक मेल गिब्सनने त्या ओळीचे कितीतरी मिनिटं चालणारे दृश्य केले आणि त्यातले पुष्कळ तपशील जर्मन नन ॲन कॅथरीन एमेरिक हिच्या दर्शनांच्या पुस्तकातून घेतले. शास्त्राला धरून आहे म्हणून दाखवा, असं कुणी म्हटलं तर हे सांगायला हवं.

मात्र त्याच प्रसंगाच्या शेवटी येशूची आई मरिया आणि त्याची अनुयायी मरिया माग्दालिया गुडघ्यांवर बसून फरशीवरचं रक्त पांढऱ्या कापडांनी टिपतात. बाजू घेणारे समीक्षक याच ठिकाणी थांबतात, आणि रास्तच थांबतात : इथे मार संपून शोक सुरू होतो.

आता तुमच्या सभागृहाचं बोलू. अमेरिकेत याला 'आर' दर्जा होता, म्हणजे 17 वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश. ब्रिटनमध्ये तो थेट 18 वर्षांवरच्यांसाठी होता. एबर्ट यांना तर 'आर'सुद्धा सौम्य वाटला. तुम्ही 18 ची रेघ धरा. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. संवाद अरामी, लॅटिन आणि हिब्रू भाषांत आहेत आणि खालच्या पाट्या (सबटायटल्स) इंग्रजीत. कानडी-मराठी शाळेतल्या पाचवी-सहावीच्या पोराला त्या पाट्या पळत्या वेगाने वाचता येत नाहीत. क्षमेचे शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, चाबूक तेवढा पोचतो.

सिनेमा 127 मिनिटांचा आहे. साडेसहाला सुरू केला तर आधीची पंधरा मिनिटं धरून नऊच्या सुमारास संपेल. त्या पंधरा मिनिटांत मत्तयाचा पाचवा अध्याय (डोंगरावरच्या प्रवचनाची सुरुवात) मराठीत वाचून घ्या. मागचं दार उघडं ठेवा, उठून गेलं तरी चालेल हे आधीच सांगा आणि संपल्यावर लगेच दिवे पूर्ण लावू नका. 2005 मध्ये सुमारे पाच-सहा मिनिटं कापलेली आवृत्ती आली, पण अमेरिकेत तिलाही सौम्य दर्जा मिळाला नाही आणि ती विनादर्जा दाखवावी लागली. तेव्हा 'कापलेली आणली' म्हणून मुलांना बसवू नका.

आणि यहुद्यांबद्दल बोला, हे टाळू नका. जमाव हाच खलनायक होतो, हा या सिनेमावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. 'याचं रक्त आम्हांवर आणि आमच्या मुलाबाळांवर' (मत्तय 27:25) या वाक्याची पाटी काढली, पण अरामी वाक्य तसंच राहिलं. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्यांवर लादता येत नाही, हे कॅथलिक चर्चने 1965 मध्येच लिहून ठेवलं आहे. ते दोन मिनिटांत सांगता येतं.

येशूला 39 फटके मारले असं लहानपणापासून ऐकलं. सिनेमात तर कितीतरी जास्त आहेत. खरं काय? (निपाणी)

शुभवर्तमानांत आकडा नाही. 'चाळीसला एक कमी' हा यहुद्यांचा संकेत, पौलाने तो स्वतःच्या बाबतीत सांगितला आहे (2 करिंथ 11:24). फटके मारणारे शिपाई रोमन होते, त्यांच्यावर तो बंधनकारक नव्हता. क्रूसाबद्दल म्हणाल तर दोषी बहुधा आडवा वासा तेवढा वाहून नेत असे. सिनेमातले दोघे चोर तसाच वासा नेतात आणि येशू मात्र पूर्ण क्रूस. ते चित्रपरंपरेतून आलेलं आहे.

अशा सिनेमाच्या हिंसेवर टीका केली की लोक म्हणतात, धर्मावर टीका केली. परीक्षण कसं लिहावं? (चिकोडी)

'बीभत्स' हा शब्द एकदाही न वापरता लिहून बघा. कॅमेरा जखमेवर किती वेळ थांबतो, पुढचं दृश्य कुणाच्या चेहऱ्यावर जातं, वेग मंद केला आहे का, आवाज वाढवला आहे का, एवढं टिपा. मंदगतीत पुन्हापुन्हा दाखवलेला फटका आणि मरियेच्या चेहऱ्यावर ऐकू येणारा फटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकाला तुमच्या वर्णनातून कळू द्या. आपल्याच भाषेतलं उदाहरण द्यायचं तर फादर स्टीफन्सचं 1616 चं ख्रिस्तपुराण घ्या. सुमारे 11 हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात दुःखसहन येतं ते जन्म, चमत्कार, उपदेश झाल्यावर. तोवर ऐकणाऱ्याची त्या माणसाशी ओळख झालेली असते.

क्रूसाच्या वाटेचं सजीव दर्शन आम्ही रस्त्यावर करतो. गेल्या खेपेला रक्त गुलाबी दिसलं आणि मुंग्या लागल्या. (बेळगाव कॅम्प)

बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. 200 ग्रॅम घ्या. 50 मिली कोमट पाण्यात आधी अर्धा चमचा कोको पावडर विरघळवा (उलटं केलं तर गुठळ्या होतात), मग ते ग्लुकोजमध्ये घाला. लाल खाण्याचा रंग एक चमचा, निळा एकच थेंब. गुलाबी दिसतं ते कोको आणि निळा नसल्यामुळे, पण दुसरा थेंब पडला की जांभळं झालंच. उन्हात हातावर लावून पाहा, ट्यूबलाइटखाली नको. आदल्या दिवशी कलाकाराच्या कोपराच्या आत थोडं लावून खाज येते का बघा. कपड्यांवरच्या रक्तात भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब टाकले तर डाग निघायला सोपा जातो. ते मिश्रण डोळे-तोंडाजवळ नेऊ नका. मुंग्या साखरेमुळे येतात, त्यामुळे दर दोन-तीन स्थानांनंतर (क्रूसाच्या वाटेवरच्या थांब्यांनंतर) ओल्या फडक्याने पुसा. सिंदूर वापरू नका, काही सिंदुरात शिसं असतं. बिटाचा रस पातळ असतो, तो लगेच ओघळून जातो.

मुकुटाला बाभळीचे खरे काटे नकोत. काथ्याची दोरी पिळून त्यात जाड पुठ्ठ्याचे काटे खोचा. चाबूक सुती दोऱ्यांचा, टोकांना गाठ न मारता, कारण गाठच डोळ्यात जाते. फटका जमिनीकडे मारायचा, आवाज माइकजवळ दुमडलेल्या पट्ट्याचा. अनवाणी चालणार असाल तर सकाळी नऊच्या आत संपवा, नंतर डांबर तापतं.

आणि जखमा कमी करा. चौदा स्थानांपैकी सहाव्याला वेरोनिका नावाची बाई येशूचा चेहरा पुसते. त्यासाठी धुतलेल्या पांढऱ्या मांजरपाटाचा हातभर तुकडा घ्या, त्याच्या आतल्या घडीला आधीच रंग लावून ठेवा आणि तिने तो लोकांसमोर सावकाश उलगडावा.