कोणतं गाणं ऐकलं की तुमच्या डोळ्यांत हमखास पाणी येतं?

हमखास म्हणाल तर कुठलंच नाही. पण ज्या गाण्याने मला काही होणार नाही अशी माझी पक्की खात्री होती, त्याच गाण्याने एकदा गाठलं. तेवढं सांगतो.

ठाण्यात नौपाड्याला आमचं घर एका मंगल कार्यालयाच्या अगदी समोर आहे, दुसऱ्या मजल्यावर. 23 वर्षं झाली. चातुर्मासात काय ती शांतता. तुळशीचं लग्न लागलं की समोरचा सीझन सुरू. मुहूर्त असेल त्या दिवशी सकाळी सनईची रेकॉर्ड, मग मंगलाष्टकं (एखादी मावशी 'सावधान'ला सूर सोडतेच), आणि चार-पाचच्या सुमाराला पाठवणी. पाठवणीला बँड. तक्रार करायचीही सोय नाही, कारण लाउडस्पीकरवर बंदी रात्री 10 नंतर, आणि मुली सासरी जातात त्या चहाच्या वेळेला.

बँडवाल्यांची वरातीची गाणी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. पाठवणीचं मात्र ठरलेलं: 'गंगा-जमुना डोळ्यांत उभ्या का'. पी. सावळारामांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल, मूळ आवाज लताबाईंचा. सावळाराम म्हणजे निवृत्ती रावजी पाटील, आमच्या ठाण्याचेच म्हणायचे. इथे महापालिका आली 1982 साली, त्याआधी नगरपालिका होती आणि त्या काळात ते नगराध्यक्ष होते. गावातली गटारं आणि दिवाबत्ती बघणाऱ्या माणसाने अख्ख्या महाराष्ट्राच्या लेकी सासरी पाठवल्या, याची मला अजून गंमत वाटते. महापालिका त्यांच्या नावाने पुरस्कार देते, आणि त्याच्या जोडीला एक 'गंगा-जमुना' पुरस्कारही.

गाववाल्याचं असूनही हे गाणं मला आवडायचं नाही. रडवायचंच असं ठरवून बसलेलं गाणं, असं माझं मत होतं. त्यातून आठवड्यात तीनदा ऐकलं की त्याचं गाणंपण जातं, दूधवाल्याच्या बेलसारखं होतं ते. आमच्या मुलीने तर लहानपणापासून त्याचा खेळच केला होता. बँड सुरू झाला की ती पळत गॅलरीत यायची आणि खालच्या रडण्याला टक्के द्यायची. किती खरं, किती फोटोग्राफरसाठी. "बाबा, ही नवरी साठ टक्के. करवली शंभर!" मी माझा आकडा सांगायचो, मग वाद.

त्या बँडात क्लॅरोनेट वाजवणारे एक मास्तर होते. साठीचे, लाल कोट खांद्यावरून ओघळणारा. एका मे महिन्यात नवरदेवाची गाडी कुठेतरी अडकली आणि बँड ताटकळला, तेव्हा ते आमच्या जिन्यात सावलीला येऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी क्लॅरोनेटचं रीड काढून तोंडात धरलं होतं. वाळलं की चिरकतं, म्हणून ओलं ठेवायचं. तसंच तोंडात धरून बोलत होते. मी विचारलं, "मास्तर, हे रडकं गाणं इतक्या वेळा वाजवता, तुम्हाला नाही का काही होत?"

त्यांनी रीड बाहेर काढलं. म्हणाले, "रडणाऱ्यांकडं बघायचंच नाही, साहेब. बघितलं की ओठ ढिला पडतो, आणि ओठ ढिला पडला की सूर उतरला."

"मग बघता कुठे?"

"गाडीच्या नंबरप्लेटकडं. पोरगी कुठं चालली तेही कळतं."

एमएच-04 असली तर इथल्या इथेच. एमएच-12 पुणे, 15 नाशिक, 08 रत्नागिरी, सगळे आकडे त्यांना तोंडपाठ. एकदा जीजे-06 आली होती, बडोद्याची. त्या दिवशी शेवटची ओळ दोनदा जास्त घेतली, म्हणाले. पैसे तेवढेच.

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागलो. बँडात हे गाणं सुरू होताना ढोलवाला काठ्या काखेत मारतो, खुळखुळेवाला हात खाली सोडतो. मुखडा ट्रम्पेट उचलतात. 'जा मुली जा' आलं की तेही थांबतात आणि क्लॅरोनेट एकटी उरते. शब्द कुणीच म्हणत नाही, पण बघ्या बायकांचे ओठ हलत असतात. मास्तर पहिला 'जा' ओढायचे, मध्ये श्वास घ्यायचे, मग 'मुली जा'. वयामुळे दम पुरत नसेल, दुसरं काय. पण तो श्वास ऐकायला मी गॅलरीत येऊन उभा राहू लागलो. घरात कुणाला सांगितलं नाही.

मुलीचं लग्न झालं ते नोंदणी पद्धतीने. 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या. अर्ध्या तासात बाहेर, मग सगळे राम मारुती रोडवर जेवलो. रडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पोरगी चालली कुठे, तर ऐरोलीला! ठाण्याच्या 9-10 नंबर प्लॅटफॉर्मवरून गाडी धरायची, दिघा गाव सोडलं की पुढचं स्टेशन. "याला काय सासर म्हणायचं?" असं आमची ही म्हणाली. गाडीत बसताना मुलगी म्हणाली, "बाबा, आपला बँड राहिला हं." सगळे हसले. गाडी वळेपर्यंत मी मागची नंबरप्लेट वाचत उभा होतो. एमएच-43.

तीन आठवड्यांनी, रविवारी, चहाचा कप घेऊन गॅलरीत बसलो होतो. समोर पाठवणी निघाली. मास्तर होते. नवरी जिना उतरता उतरता आत्याच्या गळ्यात पडली आणि मी सवयीने मान मागे वळवून म्हणालो, "चाळीस. फार तर पंचेचाळीस."

आत कुणी नव्हतं. हीसुद्धा भाजी आणायला गेली होती.

खाली ट्रम्पेट थांबले. मास्तरांनी पहिला 'जा' ओढला, श्वास घेतला, आणि तेवढ्यात माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. तो मी खाली ठेवला. समोरच्या मजल्यावरचे लोकही गॅलरीत आले होते, त्यांनी बघू नये म्हणून घाईघाईने रस्त्यावरच्या गाडीची नंबरप्लेट शोधली.

तिच्यावर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या.